'पुढे सगळा उतारच आहे' असे सांगणाऱ्या सद्गृहस्थांस

प्रति,
रेवसपासून तेरेखोलपर्यंत प्रत्येक नाक्यावर, पारापाशी आणि पानटपरीसमोर मोटारसायकलवर बसल्याबसल्या रस्ता सांगणारे सद्गृहस्थ यांस,

स. न. वि. वि.

मुंबईहून सायकलवर गोव्याकडे निघालो आणि आपली गाठ पडली नाही असा एक दिवस गेला नाही. गाव बदलतं, शर्ट बदलतो, बोली बदलते, माणूस मात्र तोच. दिघीच्या पुढे आपण म्हणालात, "काय नाय, जरासा चढ, मग सपाट." गुहागरकडे म्हणालात, "हे काय, पाच मिनिटांवर." मालवणच्या अलीकडे तर मोबाइलवरची नजरही न काढता आपण निकाल देऊन टाकलात, "पुढे काय्येक नाय, सगळो उतारच आसा." त्या धीरावर मी गोव्याच्या हद्दीपर्यंत पोचलो, तेव्हा आभार मानणं भागच आहे.

आपण जन्मापासून तिथलेच, तरी नम्रपणे एक गोष्ट निदर्शनास आणून देतो. सागरी रस्ता सागराच्या कडेने फार कमी जातो. खाडी आली की तो जेटीपर्यंत खाली उतरतो. फेरीबोटीतून पलीकडे गेलं की घाटी चढून जांभ्याच्या सड्यावर येतो आणि सडा संपला की पुढच्या खाडीकडे पुन्हा खाली. आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. दर वेळी शून्यापासून सुरुवात! जिथे पूल झालेत तिथेही बहुतेक वेळा हिशेब तोच. दीडशे मीटरचा सडा दिवसात चार वेळा चढला की साधारण खोपोलीहून खंडाळा गाठल्याइतकी चढाई होते, आणि संध्याकाळी माणूस असतो पुन्हा समुद्रसपाटीलाच. नकाशात पाहावं तर दिवसभरात बोटभर अंतर कापलेलं.

हे आपल्या लक्षात येत नाही, कारण ते आपल्या मांड्यांना कुणी सांगितलेलंच नाही. आपल्या शंभर सीसीच्या गाडीत साधारण आठ हॉर्सपॉवर असतात. माझ्यासारख्या माणसाकडून दिवसभर टिकेल अशी पाव हॉर्सपॉवरसुद्धा निघत नाही, आणि तेवढ्यात माझ्यासकट सायकल, दोन पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या वर न्यायच्या. आपली पाच मिनिटं म्हणजे तीन किलोमीटर. घाटीत मी पहिल्या गिअरवर ताशी पाच-सहाच्या वेगाने जातो, म्हणजे आपली पाच मिनिटं मला अर्ध्या तासाला पडतात. तेवढ्यात फेरीबोट सुटते. पुढची येईपर्यंत बसावं म्हणून सावली शोधली, तर जेटीवरचं एकमेव दुकान वामकुक्षीला गेलेलं.

आणि उतार! आपण ज्याची इतकी जाहिरात करता तो उतार येतो, नाही असं नाही. पण तो वळणावळणाचा असतो, वळणावर जांभ्याची बारीक खडी पसरलेली असते आणि तळाशी, ऐन वेगात, पांढरे पट्टे नसलेला गतिरोधक असतो. अर्धा तास घाम गाळून कमावलेली उंची ब्रेकच्या रबरात जाळून टाकायची आणि लगेच समोरचा चढ धरायचा. फुकटचं काहीच मिळत नाही.

घामाचंही तेच. दमट हवेत तो वाळत नाही, म्हणून अंग गार होत नाही, म्हणून आणखी घाम येतो. दुपारपर्यंत शर्टाच्या पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे उमटतात. रात्री धुतलेली सायकलची चड्डी सकाळी ओलीच असते. ती ओलीच चढवून सीटवर बसण्याच्या पहिल्या मिनिटाबद्दल मी इथे लिहीत नाही, हे पत्र घरातली मंडळीही वाचतील.

पंक्चरच्या वेळचं आपलं सहकार्य मात्र विसरता येणार नाही. "पुढे दुकान आहे," असं आपण म्हणालात आणि दुकान होतं. पण माझ्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक, फ्रेंच पद्धतीचा. दुकानाच्या पंपाचं तोंड त्याला बसेना. शेवटी पिशवीतली पितळी टोपी त्यावर फिरवली तेव्हा कुठे हवा गेली. ट्यूब घमेल्यात बुडवली, बुडबुडे दिसले, काचपेपर घासला, सोल्युशन लावून वाळायला ठेवलं. आपण तोवर माझ्या सायकलची किंमत काढत होतात. टायरच्या आतून बोट फिरवल्यावर टोचली ती केसाच्या जाडीची तार, ट्रकच्या फुटलेल्या टायरमधून रस्त्यावर सांडलेली. ती नखाने निघत नाही, चिमटा लागतो, आणि ती काढल्याशिवाय नवा पॅच लावणं म्हणजे पुढच्या पंक्चरचं बुकिंग. ती मी काढत असताना आपण तीन प्रश्न विचारलेत. एवढ्यात मोटारसायकल आली नसती का? सरकारकडून काही मिळतं का? घरी भांडण झालंय का?

आपला हा सल्ला पिढीजात असावा अशी मला शंका आहे. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जग बघायला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा १९२८ मध्ये सुमारे ७१ हजार किलोमीटर तुडवून घरी परतले. वाटेत वाळवंटं लागली, जंगलं लागली. पण ठिकठिकाणी आपले कुणी ना कुणी पूर्वज दाराशी उभे राहून "पुढे काही नाही हो, सपाट आहे," म्हणाले असणार, याबद्दल माझ्या मनात संदेह नाही.

अपवाद एकच भेटला. वेंगुर्ल्याच्या वाटेवर एक आजी डोक्यावर लाकडांचा भारा घेऊन घाटीच्या तोंडाशी दम खात उभ्या होत्या. मी विचारलं, "आजी, पुढे चढ आहे का?" आजींनी आधी माझ्या पिशव्यांकडे पाहिलं, मग पायांकडे. "तीन घाटियो आसत," त्या म्हणाल्या. "दुसरी वायट. थंय उतरून ढकल." तीनच होत्या. दुसरीला उतरून ढकलावी लागली. रस्त्याचं इतकं अचूक वर्णन मला फोनमधल्या नकाशानेही दिलं नव्हतं. तेव्हापासून मी मोटारसायकलवाल्याला वाट विचारतो ती फक्त डावीकडे की उजवीकडे एवढ्यापुरती. चढ विचारायचा तर पायी चालणाऱ्याला. पण अशी माणसं आता रस्त्यावर कमी दिसतात, म्हणून पुन्हा आपल्याच दारी येणं आहे.

तरी एक विनंती. यापुढे कुणी घामाघूम सायकलवाला आपल्यापाशी थांबला, तर उत्तर देण्याआधी कृपया थोडा त्रास घ्यावा. ज्या रस्त्याबद्दल तो विचारतोय त्यावर गाडी न्यावी, तोंड पुढच्या दिशेला करावं, इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये टाकावी आणि ब्रेक सोडावा. गाडी मागे यायला लागली, तर त्याला उतार म्हणून सांगू नये.

कळावे, लोभ असावा.

आपला,
दुसऱ्या घाटीत सायकल ढकलणारा