नाका कोणाचा?

संकेतस्थळे उभारण्याचे साहित्य जगात फुकट मिळते, ही वार्ता चांदा मुलखात पोहोचली तेव्हा येथील सुज्ञांनी तिचे स्वागत प्रत्येक सरकारी योजनेचे करतात तसेच केले. म्हणजे प्रथम अविश्वास, मग अर्ज, आणि शेवटी संपूर्ण परावलंबन. मूलचे राइस मिलवाले, ताडोब्याच्या वेशीवरचे रिसॉर्टवाले, शिक्षणसंस्थांचे चिटणीस, सर्वांनी चंद्रपूर-गडचिरोलीतील चार हुशार पोरांना हाताशी धरून ड्रुपल नाही तर वर्डप्रेस यांच्या आश्रयाने आपापली दुकाने मांडली. मूळ सॉफ्टवेअर एकाचे, आरक्षणाचा फॉर्म दुसऱ्याचा, छायाचित्रांचे दालन तिसऱ्याचे. आणि हे दुसरे-तिसरे कोण, कोठले, जिवंत आहेत की नाहीत, याची चौकशी करण्याचे प्रयोजन कोणास कधी भासले नाही.

अशा सुखेनैव चाललेल्या संसारात एके दिवशी मुख्यालयातून फर्मान निघते, की आम्ही दिशा बदलली आहे. ड्रुपलची सातवी आवृत्ती 2011 च्या जानेवारीत निघाली आणि आठवी 2015 च्या नोव्हेंबरात; परंतु मधल्या काळात आतली रचना इतकी पालटली, की जुने संकेतस्थळ पुढे नेण्याऐवजी ते नव्याने रचून मजकूर तिकडे हलवावा लागे, आणि मॉड्यूल, म्हणजे असे फॉर्म नि दालने, लिहिणाऱ्यांना आपले लेखन मुळापासून पुन्हा करणे प्राप्त झाले. त्यांपैकी कित्येकांनी निमूटपणे काढता पाय घेतला. एकदा फुकट केलेले काम दुसऱ्यांदाही फुकटच करावे, असा आग्रह धरणाऱ्या प्रगतीविषयी त्यांना पुरेशी आस्था नसावी. मागे राहिलेल्यांसाठी सातव्या आवृत्तीचे अंत्यसंस्कार 2021 च्या नोव्हेंबरात योजिले होते. ते महामारीमुळे 2022 वर गेले, तेथून 2023 वर, आणि अखेर 5 जानेवारी 2025 रोजी उरकले. बेल्जियमच्या एका गृहस्थाने सुरू केलेल्या कारभारास मुदतवाढीची विद्या इतकी अवगत असावी, हे पाहून आमच्या बांधकाम खात्याच्या कोणत्याही कंत्राटदाराचा ऊर भरून येईल.

तथापि दिशाबदलाहून गहन प्रश्न निराळा आहे, तो नाक्याच्या मालकीचा, आणि तो समजून घेण्यास धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावी जावे लागते. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबू हा गौण वनोपज ठरविला, 2009 साली या गावास सुमारे 1,800 हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्काचा दाखला मिळाला, आणि ग्रामसभेने, जी कोणताही ठराव सर्वांची सहमती झाल्याखेरीज करीत नाही, बांबू विकावयास काढला. त्यावर वनखात्याने 1927 च्या कायद्याची पोथी उघडून दाखविले, की बांबू हे झाड आहे, सबब त्याच्या वाहतुकीचा परवाना खातेच देईल, आणि खाते तो देणार नाही. वनस्पतिशास्त्र बांबूस गवत म्हणते. पण वनस्पतिशास्त्राजवळ शिक्का नसतो. बांबू गावाचा, आणि तो बाहेर जाण्याची वाट मात्र साहेबांची, असा हा अपूर्व न्याय 27 एप्रिल 2011 पर्यंत चालला; त्या दिवशी केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी जातीने मेंढ्यास येऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले, तेव्हा कोठे माल हलू शकला.

मुक्त सॉफ्टवेअरच्या जंगलातही हक्काचे दाखले उदार आहेत. वर्डप्रेस सर्वांचे आहे, कोणीही घ्यावे, बदलावे, वाटावे, असे त्याचा परवाना सांगतो. मात्र प्लगइनचे, म्हणजे वर्डप्रेसच्या मॉड्यूलांचे, अपडेट ज्या केंद्रीय भांडारातून सुटतात, तो नाका मॅट मलनवेग या सहसंस्थापकांच्या खासगी मालकीचा आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानी आली ती 2024 साली, डब्ल्यूपी इंजिन या कंपनीशी त्यांचे बिनसले तेव्हा. या कंपनीचे ‘ॲडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स’ हे प्लगइन वीस लाखांहून अधिक संकेतस्थळे वापरीत होती. सप्टेंबरात कंपनीच्या लोकांस नाक्यावर मज्जाव झाला, आणि 12 ऑक्टोबरास प्लगइनची भांडारातील नोंदच जप्त करून तिजवर नवे नाव चढविण्यात आले. आमच्या भागातील मालगुजारी 1951 साली कायद्याने संपुष्टात आल्यामुळे मालगुजार कसा असतो हे पाहण्याचा योग नव्या पिढीस आला नव्हता. वर्डप्रेसवर चालणाऱ्या जगातील चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळांच्या कृपेने तीही उणीव दूर झाली.

त्याच सुमारास भांडाराच्या लॉग-इन पानावर एक चौकोन अवतरला: डब्ल्यूपी इंजिनशी आपला कसलाही संबंध नाही अशी खूण करावी, मगच आत यावे. असली प्रतिज्ञापत्रे तहसिलातही मागतात, परंतु तेथे निदान स्टँप वेंडरचे पोट भरते. 10 डिसेंबरास कॅलिफोर्नियातील न्यायालयाने मनाई हुकूम दिला, प्लगइन मूळ मालकाकडे परतले, आणि चौकोनातील शपथ काढणे भाग पडले. शपथ गेली, चौकोन राहिला. पिझ्झ्यावर अननस स्वादिष्ट लागतो, एवढेच आता मान्य करावयाचे होते. इकडे ताडोब्याचा हंगाम ऐन भरात आला होता आणि रिसॉर्टवाल्यांचे फोन एकसारखे वाजत होते, तेव्हा आमच्या त्या चार हुशार पोरांपैकी ज्या कोणास आत शिरावयाचे होते, त्याने अननसास विनाशर्त मान्यता देऊन टाकली असणार.