सव्वादोन पौंड हवा

ओहायोतल्या मराठी मंडळात ज्यांना लहानथोर सगळे नुसतं 'काका' म्हणतात, त्या गृहस्थांनी निवृत्तीच्या तिसऱ्या महिन्यात एका शेतकऱ्याच्या कोठारातून जुनी होंडा एटीसी विकत आणली. लाल रंग, पुढे एक चाक, मागे दोन, आणि तिन्ही चाकं फुगून बसलेल्या बेडकांसारखी. काकू दारात आल्या, गाडीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, रिक्षा आणलीत?"

प्रश्न तसा रास्त होता. चाकांची मांडणी रिक्षाचीच. फक्त छप्पर नाही, मीटर नाही आणि 'तिकडे नाही येणार' म्हणणारं कुणी नाही. पण रिक्षाचं चाक हाताने दाबून बघा, दबत नाही. या गाडीच्या चाकात अंगठा रुततो. काकूंनी रुतवून पाहिला. "हवा गेलीय की हो!" काकांनी विजयी मुद्रेने टाकीवरचा स्टिकर दाखवला: हवेचा दाब २.२ पौंड. मोटारीच्या चाकात ३२ पौंड असते. इथे सव्वादोन म्हणजे भरपूर झाली.

या सव्वादोन पौंडांमागे इतिहास आहे. १९६७ साली अमेरिकेतल्या होंडाच्या विक्रेत्यांनी कंपनीकडे तक्रारवजा मागणी केली, की हिवाळ्यात मोटरसायकली कुणी घेत नाही, तेव्हा बर्फात विकता येईल असं काहीतरी द्या. जपानमध्ये ओसामु ताकेउची नावाच्या इंजिनियरने दोन, तीन, चार, पाच, अगदी सहा चाकांचेही प्रयोग करून पाहिले आणि शेवटी तिनावर मुक्काम केला. चिखल, वाळू आणि बर्फात रुतणार नाही असं टायर मिळेना. मग अमेरिकेतून पाण्यात-जमिनीवर चालणारी एक सहाचाकी विचित्र गाडी मागवली. तिची फुग्यासारखी टायरं बघितली आणि कोडं सुटलं. १९७० साली 'यूएस ९०' ही गाडी ५९५ डॉलरला बाजारात आली. नंतर तिचं नाव एटीसी, म्हणजे ऑल टेरेन सायकल, असं झालं. पुढच्याच वर्षी 'डायमंड्स आर फॉरएव्हर'मध्ये जेम्स बाँड तिच्यावर बसून वाळवंटातून पळाला. बाँडला पंक्चर झालेलं मात्र दाखवलेलं नाही.

सुरुवातीच्या या गाड्यांना स्प्रिंगही नव्हती आणि शॉकअॅब्सॉर्बरही नव्हते. जो काही धक्का खायचा तो टायरातल्या हवेने खायचा. तेव्हा हवा गळली की नुसतं चाक बसत नाही, गाडीचं सगळं सस्पेन्शनच निघून जातं. पहिली टायरं इतकी मऊ होती, की पोहण्याच्या तलावातली फुगवायची खेळणी ज्या चिकटपट्टीने दुरुस्त करतात, तसल्याच सामानाने त्यांचं पंक्चर निघायचं. दगडधोंड्यांना ती दाद देत नसत. त्यांचा एकच वैरी होता, पीक कापल्यावर शेतात राहिलेली धसकटं. ज्वारीच्या रानातून अनवाणी चाललेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. १९७५ साली होंडाने आत कापड घातलेली मजबूत टायरं आणली. काकांची गाडी त्या मजबूत पिढीतली, पण चाळीस वर्षं कोठारात उभी राहिल्यावर मजबुती कुणाची टिकते?

दुसऱ्या दिवशी सकाळी तिन्ही चाकं जमिनीला टेकलेली होती.

काका मूळचे कराडच्या बाजूचे. पंक्चर म्हणजे काय हे त्यांनी सातवीत असताना सायकलच्या दुकानासमोर उकिडवं बसून पाहिलेलं. ट्यूब बाहेर ओढायची, घमेल्यात बुडवायची, बुडबुडे आले की तिथे कॉपिंग पेन्सिलने फुली मारायची, कानशीने घासायचं, सोल्यूशन लावायचं, फुंकर मारायची, पॅच ठोकायचा. हे ज्ञान घेऊन काकांनी मागचं चाक काढलं आणि लक्षात आलं, की आत ट्यूबच नाही. मग अख्खं चाकच बुडवलं पाहिजे. बावीस इंची चाक मावेल असं घमेलं ओहायोत मिळत नाही. बाथटब मात्र प्रत्येक घरात असतो.

इथे काकांचं गणित चुकलं. फुगवलेल्या त्या चाकात पन्नास-साठ लिटर जागा असते. ते पाण्यात पूर्ण दाबून धरायचं, तर तितक्याच किलोंचा जोर लावावा लागतो, त्यात चाकाचं स्वतःचं वजन फार तर सात-आठ किलोंनी हात देतं. काकांनी दोन्ही हातांनी दाबलं. चाक उसळून बाहेर आलं. गुडघा ठेवला, चाक गुडघ्यासकट फिरलं. शेवटी ते लुंगी खोचून चाकावर बसले. नेमक्या त्याच वेळी काकू टॉवेल ठेवायला आत आल्या. त्या काहीच बोलल्या नाहीत, टॉवेल परत घेऊन गेल्या.

शेजारच्या शेतकऱ्याने हा प्रकार ऐकला तेव्हा तो बराच वेळ कुंपणाला टेकून हसला. मग घरातून एक फवाऱ्याची बाटली घेऊन आला. पाण्यात भांड्यांचा साबण, एवढंच. चाक आडवं टाकलं, सगळीकडे फवारलं आणि दोघं वाट बघत बसले. मोठा बुडबुडा लगेच दिसतो, पण इतक्या कमी दाबाची गळती आळशी असते. दोन मिनिटांनी रिमच्या कडेला साबुदाण्याएवढे पांढरे ठिपके उमटले, मग ते एकमेकांना चिकटले आणि कडेने इनो उतू जावा तसा बारीक फेस चढला. तीन चाकांचे तीन वेगळे आजार निघाले. पुढच्या चाकाच्या व्हॉल्व्हचं रबर तडकलेलं, डाव्या चाकाची रिम गंजलेली, आणि उजव्या टायराच्या बगलेला उन्हाळ्यातल्या तळ्यासारख्या भेगा.

पुढचं चाक दहा मिनिटांत बरं झालं. डाव्याने मात्र घाम काढला. गंजलेल्या रिमवरून टायरची कड, म्हणजे मेकॅनिक ज्याला बीड म्हणतात ती, सोडवायची कशी? काकांनी उड्या मारल्या. उडी मारली की फुग्यासारखं टायर माणसाला परत वर उडवतं. अखेर चाक काकूंच्या गाडीच्या चासीखाली सरकवलं, टायरच्या कडेवर जॅक ठेवला आणि जॅक वर चढवत गेले. गाडी उचलली जायला लागली, आणि तिच्या वजनाने कड 'टप्' करून सुटली. आत गंजाचा मुलामा. तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, रंगाचा हात आणि शेवटी डांबरासारखं काळं बीड सीलर. हे सगळं टाळून आत हिरवं चिकट औषध ओतणारेही लोक आहेत. ते काही दिवस चालतं, आणि पुढे टायर उघडणारा माणूस ओतणाऱ्याच्या घराण्याचा उद्धार करतो.

कड परत बसवणं ही वेगळीच कसरत. सैल टायरमध्ये पंप मारला, की हवा इकडून शिरते आणि तिकडून निघते. त्यावर उपाय म्हणजे सामान बांधायचा रॅचेटचा पट्टा टायरभोवती मधोमध आवळायचा. पोट आवळलं की कडा फाकतात, रिमला टेकतात आणि हवा धरते. कडा टेकल्या की पट्टा सोडायचा, टायरवर लिहिलेल्या मर्यादेच्या आत हवा भरून त्या बसू द्यायच्या आणि मग दाब सव्वादोनवर उतरवायचा. काही बहाद्दर आत ज्वालाग्राही फवारा मारून काडी लावतात. टायर बसतं खरं, कधीकधी भुवयांसकट. तिकडे जाऊ नये.

उजव्या भेगाळलेल्या टायरात काकांनी नाइलाजाने ट्यूब घातली. गाडी नीट उभी राहिली, पण सुरू केल्यावर सारखी डावीकडे, काकूंच्या गुलाबांकडे ओढायला लागली. या गाडीला मागे डिफरन्शियल नसतं, दोन्ही चाकं एकाच दांड्यावर सोबत फिरतात. एका चाकाचा घेर बोटभर मोठा झाला की गाडी दुसरीकडे वळते. उजवीकडे हवा जास्त झाली होती. मोटारीचा हवा मोजायचा गेज दोन पौंड दाखवतच नाही, त्याचा काटा तेवढ्याने जागचा हलत नाही. दहा पौंडांपर्यंतचा गेज आणला, दोन्ही बाजू सारख्या केल्या आणि गुलाब वाचले.

काका हेल्मेट घालून तिच्यावरून टपालपेटीपर्यंत जातात आणि परत येतात. नातवाला बसू देत नाहीत. वळणावर ही गाडी उलटते हे काही उगीच ठरलेलं नाही. अपघातांचा ढीग झाल्यावर १९८८ साली उत्पादकांनी सरकारशी समझोता करून अमेरिकेत नव्या तीनचाकी विकणं थांबवलं. बाजार चारचाकींनी घेतला.

नोव्हेंबरात पुन्हा एकदा तिन्ही चाकं सकाळी मऊ सापडली. काकांनी साबण फवारला, तासभर बसले, एकही बुडबुडा नाही. हवा गळली नव्हती, गारठली होती. पारा दहा अंशांनी उतरला, की या चाकातली जवळपास अर्धा पौंड हवा कागदावरून नाहीशी होते. मोटारीच्या बत्तिसात दीड पौंड गेलेलं कुणाला कळत नाही, सव्वादोनात अर्धा म्हणजे जवळजवळ पावपट. शिवाय गेज लावला की दरवेळी फुस्स करून थोडी बाहेर येते, आणि काका दिवसातून चारदा गेज लावत होते.

"मोजायचं बंद करा," काकू म्हणाल्या. तेव्हापासून चाकं ठीक आहेत. बाथटबच्या तळाला मात्र टायरच्या नक्षीचा काळा डाग पडलाय, आणि तो अजून निघालेला नाही.