टस्कनी, व्हाया आयसी कॉलनी

आमच्या बोरिवलीतल्या सोसायटीच्या गच्चीवर सकाळी सहाला योगवर्ग भरतो. परवा ऐन शवासनात एका काकूंनी बातमी फोडली, "सून इटलीला चाललीय. योगासनं करायला." सकाळी टस्कनीच्या द्राक्षमळ्यात सूर्यनमस्कार, दुपारी फ्लॉरेन्सची चित्रं-शिल्पं, रात्री पास्ता. सगळी शवं ताडकन उठून बसली. खर्चाचा आकडा ऐकून पुन्हा आडवी झाली.

मला हे म्हणजे मिसळ खायला मिलानला जाण्यासारखं वाटलं. अहो, 1918 साली श्रीयोगेंद्रांनी 'द योग इन्स्टिट्यूट' काढली ती आपल्या वर्सोव्याच्या किनाऱ्यावर! आज ती सांताक्रूझला आहे. राहता राहिली कला. मी म्हटलं, "मंडपेश्वरला चला."

मंडपेश्वरची लेणी आमच्यापासून रिक्षाच्या अंतरावर, आयसी कॉलनीला लागून. आत दगडात तांडव करणारा शिव. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी या लेण्याचंच चर्च केलं. एका भिंतीवर त्यांनी कोरलेला भलामोठा क्रूस अजून आहे, आणि डोक्यावर त्यांच्या बांधकामाचे पडके अवशेष. चर्च, शिल्पं, भग्न भिंती. इटलीत याहून वेगळं काय दाखवतात? पास्त्याऐवजी आम्ही ठेपले घेतले.

रविवारी आठ जणी गुंडाळलेल्या चटया काखेत मारून निघालो. रिक्षावाल्यानं विचारलं, "सत्संग आहे का?"

आधी नटराजाचं दर्शन. "बघा, तोल कसा सांभाळलाय!" योगाच्या बाई म्हणाल्या. त्याला बाराशेच्या वर वर्षं जमतंय. बाहेरच्या मैदानात नटराजासन करताना आम्हाला बारा सेकंद जमेना. मग वृक्षासन. तेवढ्यात एक चेंडू चटईवर आला, मागोमाग एक मुलगा. "काकू, झाड व्हा, पण मिडविकेटला नको."

आम्ही झाडं मुळासकट उचलून सीमारेषेबाहेर लावली.

त्रिकोणासनात त्याच काकू ज्या कलल्या, त्या कललेल्याच राहिल्या. पिसाचा मनोरा कलला तर लोक तिकीट काढून बघतात. काकूंची कंबर कलली तर आयोडेक्स. तो मनोरा 1990 ते 2001 अशी अकरा वर्षं बंद ठेवून इंजिनियरांनी जेमतेम चाळीसेक सेंटिमीटर सरळ केला. आमच्या बाईंना तेवढंच काम तीन आठवड्यांत हवं असतं, तेही चारशे रुपये महिन्यात.

काकू सरळ झाल्यावर ठेपले संपवले. मिडविकेटवाल्या मुलालाही दिले. त्यानंच मग आमचा फोटो काढला: पुढे आठ वृक्ष, मागे लेणं.

आठवड्यानं सुनेचा फोटो आला. फ्लॉरेन्सच्या चौकात, डेव्हिडच्या पुतळ्यासमोर वृक्षासन. काकूंनी तत्काळ आमचा फोटो पाठवला. दोन मिनिटांत उत्तर आलं, "आई, किती सुंदर! हे कुठलं गाव? आणि मागे हात वर करून उभा आहे तो पुतळा कुणाचा?"

काकूंनी चष्मा लावून नीट पाहिलं आणि टाइप केलं, "तो अंपायर."