सिंगापुरी आणि बुऱ्हाणपुरी

काकू सिंगापूरहून परतल्याचं गल्लीला कळलं ते त्यांच्या भिंतीवर वाळत घातलेल्या गाद्यांवरून. तीन महिने बंद असलेलं घर, ऊन दाखवायलाच हवं. मी अलीकडे मेथी निवडत बसले होते. काकूंनी गादीला दोन थपडा मारल्या, कोपर भिंतीवर टेकवलं आणि आवाज बारीक केला. काकूंचा आवाज बारीक झाला की विषय मोठा असतो. मागच्या बाजूला पॉवरलूमची खटखट चालू होती, पण असल्या वेळी ती आम्हाला आड येत नाही.

"अगं, पहिल्याच दिवशी जावईबापू म्हणाले, आज इंडियन खायला जाऊ. मी मनात म्हटलं, मुंबईहून साडेपाच तास उडत आलो ते इंडियन खायला? मग बुऱ्हाणपूर काय वाईट होतं?"

"मग गेलात का?"

"न जाऊन सांगतेय कुणाला! गार हवा, मंद दिवे, गजल लावलेली. मेनूकार्ड उघडलं तर पालक पनीर, दाल मखनी, बटर नान. ह्यांनी आपलं सवयीनं विचारलं, शेवभाजी आहे का? तो पोरगा नुसता बघत राहिला. मी म्हटलं, वांग्याचं भरीत तरी आण. आलं. त्यात साय घातलेली! भरताला साय! तिखटाचा पत्ता नाही, कांद्याची पात नाही. आता तूच सांग, ना शेवभाजी, ना ठेचा, ना कळण्याची भाकरी. मग आपण इंडियन नाही का गं?"

मेथी माझ्या हातात तशीच राहिली. प्रश्न तसा वाजवी होता.

"आणि बिलाचं ऐक. किमतीपुढे बारीक दोन अधिकची चिन्हं होती. मला वाटलं, ह्या भाज्या वाढताना जरा जास्त वाढत असतील. तर ते बिल वाढवायचं होतं! जेवलो ऐंशी डॉलरचं. त्यावर १० टक्के सर्व्हिस, झाले अठ्ठ्याऐंशी. त्या अठ्ठ्याऐंशीवर ९ टक्के जीएसटी. भरले ९५ डॉलर ९२ सेंट. तुझे काका रात्री अंथरुणात उठून बसले, म्हणाले, अगं, वाढण्याच्या पैशांवरसुद्धा कर लावला! टिप ठेवायची रीत नाही तिथं, तेवढंच काय ते बरं."

दुसऱ्या आठवड्यात लेकीनं त्यांना लिटल इंडियात नेलं. सेरंगून रोडवर उतरल्याबरोबर मोगऱ्याचे गजरे, पितळी समया, सोन्याची दुकानं. काकूंचा जीव भांड्यात पडला. पण हिंदीत बोलायला जावं तर समोरून तमिळ. सिंगापूरच्या चार राजभाषांत तमिळ आहे, हिंदी नाही. तिथं पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले हिंदुस्थानी मुख्यतः तमिळ, म्हणून जुन्या लोकांचं 'इंडियन' म्हणजे इडली, डोसा आणि केळीच्या पानावरचा भात. कोमला विलास तर तिथं १९४७ पासून आहे. इकडे देश स्वतंत्र होत होता आणि तिकडे डोसे पडत होते.

"पण पानावर जेवलो ते दुसरीकडे. ह्यांना मासळी हवी होती ना! माशाचं अख्खं डोकं रश्श्यात. डोळ्यासकट! केरळकडच्या कुणा माणसानं चिनी गिऱ्हाइकांसाठी सुरू केलेला पदार्थ म्हणे. चिन्यांना डोकं आवडतं, आपल्याला रस्सा. दोघांचं जमलं. मी आपली भात आणि भाज्या घेऊन तोंड फिरवून बसले. पण पान काय जपून वाढतात गं! पुसून, बेतशीर कापून. आपल्याकडे केळीची पानं बकऱ्या खातात. ट्रकच्या ट्रक केळी निघतात इथून, पण पानाकडे कधी बघितलंय का आपण?"

"नाही हो."

"आणि जेवून झालं की पान आपल्याकडे दुमडायचं. म्हणजे जेवण आवडलं. ह्यांनी दुमडलं पलीकडे. वाढणारे म्हातारे आले, हळूच पान उलगडलं आणि अलीकडे दुमडून ठेवलं. पलीकडे दुमडणं मयताच्या जेवणाला असतं म्हणे. मी ह्यांच्याकडे असं पाहिलं!"

ते पाहणं मी भिंतीच्या अलीकडून बऱ्याचदा ऐकलेलं आहे.

पण काकू खऱ्या खुलल्या त्या टेका सेंटरवर. हे तिथलं मोठं हॉकर सेंटर, एका छपराखाली ओळीनं खाण्याचे गाळे. "एकेका टेबलावर नुसतं टिश्यूचं पुडकं ठेवलेलं. मला वाटलं विसरलं कुणी, उचलायला गेले. लेक ओरडली, आई, ती जागा धरलीय! अगं, एसटीच्या खिडकीतून आपण रुमाल टाकतो ना, तसं. फक्त तिथं त्यावरून भांडण होत नाही."

मग त्यांनी ओला पंजा हवेत धरला आणि पराठा करून दाखवला. प्राटा म्हणतात तिथं. तेलात निथळलेला मैद्याचा गोळा. माणूस तो ओट्यावर थापतो, कडेला धरून भिरकावतो, परत आपटतो. दोन-तीन झटक्यांत ओढणीएवढा पातळ, पलीकडचा हात दिसावा इतका. मग घड्या घालून तव्यावर. "मी तिथंच उभी राहिले. लेक म्हणते, आई, चल. कशी चलू? डोळ्यासमोर आपला मांडेवाला! तोच खांदा, तेच मनगट. आपला माणूस मांडा दोन्ही हातांवर नाचवून उपड्या कढईवर टाकतो, हा घडी घालतो, एवढाच फरक. दाल मखनीत नाही ते बुऱ्हाणपूर मला त्या प्राट्यात सापडलं बघ."

"आणि चायनीज? चायनीज खाल्लं का?"

"तेच तर सांगायचं राहिलं!" काकू गादीवर ओणवल्या. "कोपऱ्यावरच्या गाडीवर सिंगापुरी नूडल्स मिळतात ना, पिवळ्या मसाल्याच्या? म्हटलं, माहेरी आलोय तर माहेरचंच खाऊ. तर तिथं कुणाला ठाऊकच नाहीत! जावई म्हणाले, ही हाँगकाँगची करामत, सिंगापूरचं नुसतं नाव. आणि गंमत ऐक. तिथं 'इंडियन रोजक' नावाचा पदार्थ मिळतो. भजी, बटाटा, अंडं, टोफू, सगळं कापून ताटलीत, वर गोडसर तिखट लाल चटणी. नाव इंडियन, पण इंडियात मी तरी तो कधी पाहिला नाही. म्हणजे आपण त्यांच्या नावावर नूडल्स खपवतो आणि ते आपल्या नावावर भजी!"

मी म्हटलं, "काकू, आपली मावा जलेबी मुंबईत मोहम्मद अली रोडवर बुऱ्हाणपूरच्या नावानं विकतातच की."

"विकू देत. ती निदान आपल्याकडेही आहे! आणि नावाचं म्हणशील तर आपलं नशीब आधीपासून उलटं. मुमताज गेली ती १६३१ मध्ये इथं, पहिल्यांदा पुरली ती तापीपलीकडे आहुखान्यात. पण ताजमहाल कुठं? आग्र्याला. ज्याचा पदार्थ त्याचं नाव असं कुठं असतं का!"

एवढ्यात आतून काका आले, हातात रिकामं ताट. मोरीत ठेवलं, वर पाणी ओतलं आणि काही न बोलता परत गेले. माझ्या हातातली मेथीची जुडीच निसटली. चाळीस वर्षांच्या संसारात ह्या माणसानं पाण्याचा पेला उचललेला काकूंनी पाहिला नव्हता, मी कुठून पाहणार?

काकू गालात हसल्या. "हॉकर सेंटरमध्ये जेवून झालं की आपला ट्रे आपणच नेऊन ठेवायचा. २०२१ पासून सक्तीच आहे. आधी समज देतात, मग दंड. पहिल्या दिवशी लाजले, पाचव्या दिवशी माझाही उचलायला लागले."

"पण काकू, इथं कुठं दंड आहे?"

त्यांनी आवाज आणखी बारीक केला. "ते त्यांना मी अजून सांगितलेलं नाही."