४/१२ हा एकच क्रमांक पुन्हा पुन्हा विकणाऱ्या गृहस्थांस



तुमचा स्कॅनर फार चांगला आहे. तांब्याचा पत्रा दाबाखाली कागदात रुततो तेव्हा चित्राभोवती चौकोनी खोलगट ठसा उमटतो. त्या ठशाची सावलीसुद्धा तुमच्या स्कॅनरने टिपली आहे. गुरुग्राममधल्या तुमच्या फ्रेमच्या दुकानात यमुनेच्या लोखंडी पुलाचं माझं चित्र टांगलंय, त्यात ती सावली करड्या रेघेसारखी दिसते. तिच्यावरून बोट फिरवलं तर कागद गुळगुळीत लागतो. पेन्सिलीने घातलेला क्रमांकही स्कॅनरने उचलला, माझ्या सहीसकट. त्यामुळे भिंतीवर ओळीने लावलेली तुमची प्रत्येक प्रत ४/१२ आहे. खाली पाटी आहे, 'हँडमेड एचिंग, लिमिटेड एडिशन'. माल उचलताना आकडा बदलावा एवढंही तुम्हाला सुचलं नाही, कारण तो आकडा कशासाठी असतो हे तुम्ही कधी विचारलंच नाही. दुकानाच्या पाटीवर तर तुम्ही स्वतःला कलेचे जाणकार म्हणवता.

गणेशोत्सवातल्या स्टॉलवर तुम्ही हा छाप माझ्याकडून घेतलात. दिल्लीत दोन मराठी माणसं भेटली की 'आपलाच माणूस' म्हणून भाव उतरतो, तसा मीही आनंदाने उतरवला. चित्र घरच्या बैठकीत लावणार आहोत, असं तुमच्या सौभाग्यवती म्हणाल्या होत्या. बैठक मोठी निघाली, गिऱ्हाइकांनाही आत घेणारी.

तर आता तो आकडा, बारा छापांतला चौथा. १२ हा आकडा मी शुभ म्हणून निवडला नाही, तो तांब्याने ठरवला. पत्रा मी चावडी बाजारातून आणतो. घासून लखलखीत केला की त्यावर मेणाचा पातळ थर द्यायचा आणि सुईने पुलाच्या कैच्या ओरखडायच्या. १८६६ सालचा हा पूल, वरून रेल्वे, खालून रस्ता. त्याच्या लोखंडी जाळीत इतक्या तिरक्या रेघा आहेत की डोळा थकतो. मग पत्रा फेरिक क्लोराइडमध्ये सोडायचा. सर्किट बोर्ड खोदायला वापरतात तेच हे रसायन. जानेवारीच्या थंडीत ते तांबं सावकाश खातं आणि जूनमध्ये झपाट्याने, म्हणून घड्याळाच्या जोडीने थर्मामीटरही जवळ ठेवावा लागतो. यमुनेच्या पाण्याचा करडेपणा रेघांनी साधत नाही. त्यासाठी अॅक्वाटिंट. राळेची बारीक पूड पत्र्यावर पसरून खालून आच दिली की कण वितळून चिकटतात आणि रसायन त्या कणांच्या मधल्या फटी तेवढ्या खातं. जिथे फिका करडा हवा तिथे लवकर वार्निश लावून थांबायचं, जिथे गडद हवा तिथे पुन्हा बुडवायचं. हा फिका करडा फार नाजूक असतो. प्रत्येक छपाईत शाई पुसताना आणि रुळाखालून जाताना तो थोडा थोडा झिजतो. बारा छाप निघेपर्यंत पाणी पाणी दिसत होतं. तेराव्यात ते दिसलं नसतं, म्हणून मी पत्र्यावर आडवी-उभी रेघ ओरखडून तो रद्द केला. आता त्यातून मलासुद्धा छाप काढता येणार नाही. तुमच्या आवृत्तीला मर्यादा कशाची आहे? शाईच्या काडतुसाची?

कॉपी करू नये असं माझं म्हणणं नाही. आपल्या आजीच्या देवघरातली लक्ष्मी-सरस्वती रविवर्म्याच्या छापखान्यातून आली होती. १८९४ साली मुंबईत सुरू झालेला हा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. छपाईला रंगागणिक वेगळा दगड, एकावर एक अचूक बसवलेला. ज्याला तैलचित्र परवडणं शक्य नव्हतं त्याच्या भिंतीवर त्या ओलिओग्राफने देव आणला. घेणाऱ्याला आपण काय घेतोय ते ठाऊक होतं आणि दामही त्याच मानाने होता. चित्रकाराने पेन्सिलीने क्रमांक घातलेला एकमेव कागद म्हणून तो कोणी विकला नाही. तुम्हीही 'चित्राची डिजिटल प्रत' अशी पाटी लावून, मला विचारून विकली असतीत, तर मी स्वतः चांगला स्कॅन करून दिला असता. आज अनेक चित्रकार तसं उजळ माथ्याने करतात.

मी फोन केला तेव्हा तुम्ही म्हणालात, "अहो, तुमचा तर छंद आहे. पोट थोडंच आहे त्यावर?" हे वाक्य मला चोरीपेक्षा जास्त लागलं. छंदाच्या कामाला मालक नसतो, असं तुम्हाला कोणी शिकवलं? गाझियाबादच्या वैशालीतल्या फ्लॅटच्या बाल्कनीत मी शनिवार-रविवार जे करतो ते पोटासाठी नाहीच, म्हणून तर त्यात कुठेही हात आखडता घेत नाही. लिनो कोरतो. पुठ्ठ्यावर वाळू आणि गोणपाट चिकटवून कोलाग्राफ करतो. काचेवर रंग लावून एकच छाप देणारा मोनोटाइप करतो. हर्शेलने १८४२ साली शोधलेला, उन्हात उमटणारा सायनोटाइप दिल्लीच्या मे महिन्यात मिनिटांत गडद होतो आणि नोव्हेंबरच्या धुरकटात दुपार खातो. त्याच मे महिन्यात लू सुटली की एचिंगसाठी भिजवलेला कागद प्रेसपर्यंत नेईतो कडांना वाळू लागतो, आणि श्रावणात तेलाची शाई दिवसचे दिवस ओली राहते. हल्ली विस्कॉसिटीच्या मागे लागलोय. शाईत जवसाचं तेल कमीजास्त करून, मऊ आणि कडक रूळ वापरून एकाच पत्र्यावरून एकाच दाबात अनेक रंग काढायचे. कृष्णा रेड्डी आणि त्यांच्या सोबत्यांनी पॅरिसमध्ये हेटर यांच्या 'आतलिए १७' या छापशाळेत ही रीत घडवली. ती अजून माझ्या हाताला नीट लागलेली नाही, पण एकदा तेलकट निळ्याने कोरड्या तांबड्याला स्वतःहून बाजूला सारलं, तो रविवार मी विसरणार नाही.

ज्या दिल्लीच्या शेजारी तुम्ही हे दुकान थाटलंत, त्या दिल्लीने भारताच्या मुद्राचित्रकलेला काय दिलंय ते तरी पाहा. सोमनाथ होर यांनी १९५८ पासून तिथल्या कला महाविद्यालयाचा ग्राफिक विभाग उभा केला. जगमोहन चोप्रांनी १९६८ साली 'ग्रुप ८' हा मुद्राचित्रकारांचा गट काढला, त्यात अनुपम सूद होत्या. पुढे १९७६ मध्ये ललित कला अकादमीचे गढीचे स्टुडिओ सुरू झाले. आणि 'आपलाच माणूस' म्हणून भाव पाडणाऱ्या तुम्हाला देवयानी कृष्ण हे नाव माहीत असायला हवं. इंदूरच्या, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या. दिल्लीत मॉडर्न स्कूलच्या मुलांना चित्रकला शिकवता शिकवता बाटिकपासून इंटाग्लिओपर्यंत त्या नवं नवं करून पाहत राहिल्या. होर यांनी पुढे शांतिनिकेतनात 'जखमा' ही मालिका केली. कागदाच्या ओल्या लगद्यातूनच घडवलेले पांढऱ्यावर पांढरे छाप, शाईचा थेंब नाही, नुसते फाटलेल्या त्वचेसारखे उंचसखल व्रण. तुमच्या चांगल्या स्कॅनरवर त्यातलं एक ठेवून पाहा. काय हाती येतं ते मला कळवा. छाप म्हणजे काय याचं उत्तर तुम्हाला त्या कोऱ्या कागदावर मिळेल.

आता कायदा, कारण शेवटी तुम्हाला तीच भाषा कळेल असं दिसतंय. १९५७ चा प्रताधिकार कायदा 'कलाकृती'त एनग्रेव्हिंग मोजतो, आणि एनग्रेव्हिंगच्या व्याख्येत एचिंग, लिथोग्राफ, वुडकट यांची नावं घेतो. नोंदणी केलेली असो वा नसो, हक्क कलाकृती करणाऱ्याचा असतो, त्याच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं. करणारा हौशी आहे की व्यावसायिक, हे तो कायदा विचारत नाही. जाणूनबुजून भंग केला तर कलम ६३ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. मी अजून पोलिसांत गेलेलो नाही. पण ते दार उघडं आहे.

माझ्या हक्कापेक्षा मला त्या अकरा जणांची काळजी वाटते. माझा मूळ छाप तुमच्याखेरीज अकरा घरांत आहे. एक निवृत्त रेल्वे कर्मचारी आहेत, त्यांची गाडी वर्षानुवर्षं त्याच पुलावरून गेली. त्यांनी पेन्शनमधून पैसे काढून छाप घेतला, आणि मी त्यांना म्हणालो होतो, असे फक्त बाराच आहेत. तो माझा शब्द होता. तुम्ही मला त्यांच्यापुढे खोटा पाडलंत. त्यांनी उद्या तुमच्या काचेमागे तोच पूल, तीच सही पाहिली, तर ते तुम्हाला विचारणार नाहीत, कारण ते तुम्हाला ओळखत नाहीत. ते मला विचारतील.

म्हणून सरळ सांगतो. भिंतीवरच्या सगळ्या प्रती उतरवा आणि स्कॅनची फाइल पुसा. ज्यांना त्या हातचं एचिंग म्हणून विकल्या, त्यांना फोन करून खरं सांगा, पैसे परत द्या. बिलांच्या वहीत त्यांचे नंबर आहेत, फ्रेम पोचवायला तुम्ही ते घेतलेच असणार. माझ्या भरपाईचं आपण नंतर बोलू. या गिऱ्हाइकांचे पैसे आधी.

ज्यांना असं चित्र खरंच हवं असेल त्यांना माझ्याकडे पाठवा. पूल नाही मिळणार, तो पत्रा संपला. पण सध्या गाझीपूरच्या फूलबाजाराचा लिनो कोरतोय, पहाटेच्या ट्रकांवरून उतरणारा झेंडू, तीन रंगांत. आवृत्ती वीसची ठेवली आहे.

कळावे,
वैशाली, गाझियाबाद येथील एक हौशी चित्रकार