सायकल घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी मार्गदर्शिका (बुलढाणा जिल्हा आवृत्ती)

सायकल चालवायला कशी शिकावी, हे यात सांगितलेलं नाही. ते गावातलं कुठलंही पोर शिकवेल: आधी दांड्याखालून पाय घालून हाफ पायडल, मग दांड्यावरून फुल पायडल, मग सीटवर, आणि शेवटी धाकट्याला मागे घेऊन डबलसीट. या मार्गदर्शिकेचा विषय त्याहून अवघड आहे. सायकल घ्यावी कशी आणि ती परवडावी कशी? घाटावरच्या आणि घाटाखालच्या अशा दोन्ही वाचकांचा यात विचार केला आहे. मलकापूर-नांदुऱ्याकडच्या सपाटीवरच्या मंडळींनी पाचवी पायरी सोडून दिली तरी चालेल.

पायरी पहिली: आपण कोण, ते ठरवा

पूर्वी सायकल घेणारा माणूस एकाच जातकुळीचा असे. त्याला कुठेतरी जायचं असे आणि एसटीची वाट बघायची नसे. शाळामास्तर, पोस्टमन, दूधवाला, खामगावच्या जिनिंगमधला कामगार, सगळे त्यातच आले. आता दुकानात पाय ठेवण्याआधी आपला वर्ग पक्का करावा लागतो.

तुम्ही डॉक्टर, वकील, प्राध्यापक किंवा साहेब असाल आणि लॅबच्या रिपोर्टमध्ये साखर वाढलेली निघाली असेल, तर तुम्ही 'सायकलिस्ट' होणार. तुम्हाला गिअर, डिस्कब्रेक, हेल्मेट, गादीवाली चड्डी आणि मोबाइलवर किलोमीटर मोजणारं ॲप लागेल. तुमच्या लायकीची सायकल पंधरा-वीस हजारांपासून पुढे सुरू होते आणि कार्बनच्या फ्रेमचा नाद लागला तर लाखांत जाते. एवढ्या पैशात मोटारसायकल आली असती, हे दुकानदाराला ऐकवू नका. तो त्याच मोटारसायकलवर घरी जातो.

तुम्ही आठवीतली मुलगी, शेतमजूर किंवा रात्रपाळीचा वॉचमन असाल, तर तुम्ही नुसते सायकल चालवणारे. तुमच्यासाठी दुकानाच्या मागच्या भिंतीला टेकून दोन-चार साध्या सायकली उभ्या असतात. दुकानदार पुढच्या रांगेतली रंगीत रेंजर दाखवेल आणि म्हणेल, "भाऊ, साधी आता कोणी घेतच नाही." मागची काढायला लावा. मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, चेनकव्हर आणि घंटी हे सगळं सायकलीचं अंग असतं, असा तुमचा समज असेल तर तो बाहेर चपलांजवळ ठेवून या. रेंजरला यातल्या बऱ्याच गोष्टी वेगळ्या विकत घ्याव्या लागतात. सायकल जितकी महाग तितक्या तिच्यावरच्या वस्तू कमी, हा या धंद्याचा नियमच आहे. फारच महाग सायकलीला पायडलसुद्धा येत नाही, ते वेगळं घ्यायचं असतं. ही थट्टा नाही.

पायरी दुसरी: किंमत रुपयांत मोजू नका

बऱ्यापैकी कंपनीची, बिनगिअरची सायकल आज सहा-सात हजारांच्या घरात पडते. हिशेबाला 6,500 धरू. रुपयांत हा आकडा काहीच सांगत नाही. सोयाबीनचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये आहे, म्हणजे एक सायकल सुमारे सव्वा क्विंटलाची. अर्थात हमीभाव हातात पडला तर. बाजार समितीच्या ओट्यावर ओलावा आणि माती दाखवून भाव पाडला गेला की तीच सायकल दीड क्विंटलावर जाते, आणि त्यात सायकलीची काही चूक नसते. शेत नसेल तर रोजगार हमीवर मोजा. 2025-26 च्या 312 रुपये मजुरीने सायकल होते 21 दिवसांची. या 21 दिवसांत घरात कोणी जेवायचं नाही आणि कोणी आजारी पडायचं नाही.

भाव का चढले, हे दुकानदाराला विचारलं तर तो वर बोट दाखवेल. वर म्हणजे लुधियाना. देशातल्या बहुतेक सायकली आणि त्यांचे सुटे भाग तिथे बनतात. पोलाद, ॲल्युमिनियम, रबर आणि ट्रकभाडं यांतलं काहीही वाढलं की त्याची झळ मेहकरच्या दुकानापर्यंत येते. कोरोनाच्या काळात जगभर सायकलींना अचानक मागणी आली, माल कमी पडला आणि भाव चढले. मजा अशी, की त्याच काळात, 3 जून 2020 ला, ॲटलस कंपनीने साहिबाबादचा कारखाना बंद केला. 3 जून हा जागतिक सायकल दिन. ज्या सायकलीवर आपले वडील तालुक्याला गेले त्या सायकलीचा कारखाना सायकल दिनीच बंद पडावा, याहून चांगला मुहूर्त कोणत्याही पंचांगात सापडला नसता.

पायरी तिसरी: हप्ता विचारू नका

नवशिक्या इथेच अडखळतो. "हप्त्याने देता का?" असं तो विचारतो. दुकानदार आधी हसतो, मग नाही म्हणतो.

आता शेजारच्या मोटारसायकलच्या शोरूमकडे बघा. तिथे सत्तर-ऐंशी हजारांची गाडी घ्यायला आधार कार्ड, पॅन कार्ड, बँकेचं पासबुक आणि एक जामीनदार पुरे. डाउन पेमेंट थोडकं, बाकीचे हप्ते. दसऱ्याला तर फायनान्सवाला बाहेर टेबल टाकूनच बसलेला असतो. सत्तर हजार उधार मिळतात, साडेसहा हजार रोख मोजावे लागतात. क्रेडिट कार्ड असलेल्याला महागड्या सायकलीवरही हप्ते करून मिळतात, म्हणजे ज्याला हप्त्याची गरज नाही त्याची इथेही सोय आहे. गरिबाच्या हातात एकरकमी साडेसहा हजार कधीच नसतात, दरमहा दोन-अडीच हजार मात्र तो कसेबसे काढतो. म्हणून तो मोटारसायकल घेतो. आपण मग पारावर बसून म्हणतो, पोरांना फुकटचा रुबाब हवा. रुबाब असेलही. पण निम्मा दोष हप्त्याचा आहे.

2011 च्या जनगणनेत देशातल्या 44.8 टक्के घरांत सायकल होती आणि 21 टक्के घरांत दुचाकी गाडी. त्यानंतर गाडी दारोदारी झाली, आणि ती रोज पिते. जाऊन-येऊन 20 किलोमीटर, महिन्याचे 26 दिवस, लिटरला 50 चा ॲव्हरेज आणि 105 रुपयांचं पेट्रोल असा हिशेब मांडला, तर महिन्याला हजार-अकराशे रुपये नुसते टाकीत जातात. सहा महिन्यांत एक साधी सायकल धुरातून निघून जाते. हप्ता, विमा आणि ऑइल वेगळं. सायकल महाग झाली हे खरं, पण तिची महागाई एकाच दिवशी डोळ्यांत भरते आणि गाडीची महागाई थेंबाथेंबाने जाते. हा हिशेब घरी मांडून बघा. मांडूनही तुम्ही गाडीच घेणार असाल, तर तुम्ही एकटे नाही.

पायरी चौथी: सरकारी सायकल

तुमची मुलगी आठवी ते बारावीत असेल, शाळा घरापासून पाच किलोमीटरच्या आत असेल आणि तुमचा तालुका मानव विकास कार्यक्रमात बसत असेल, तर सायकलीसाठी सरकारी पैसे मिळतात. ही रक्कम 3,500 होती, 2022 मध्ये ती 5,000 झाली. यातले 3,500 आधी मुलीच्या बँक खात्यात येतात. मग सायकल घ्यायची, पावती दाखवायची आणि तपासणीनंतर उरलेले 1,500 मिळवायचे. आपल्या 6,500 च्या सायकलीत याचा अर्थ असा, की बापाने आधी 3,000 खिशातून घालायचे आणि त्यातल्या निम्म्यांची वाट बघायची. वाट बघण्याचा सराव शेतकऱ्याला पीकविम्याने करून दिलेला असतोच.

तरीही या योजनेची टिंगल करायला माझी लेखणी धजत नाही. बिहारने 2006 मध्ये नववीच्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली. अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी ते तपासलं, तेव्हा माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण सुमारे 32 टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. आठवीनंतर मुलीला घरी बसवायला बापाकडे "शाळा लांब आहे" हे कारण असतं. सायकल ते कारण काढून घेते. लोणार, संग्रामपूरकडच्या एखाद्या शाळेच्या सुटण्याच्या वेळी फाट्यावर उभे राहा आणि एकामागोमाग निघणाऱ्या सायकली बघा. सायकल आज कोणाची राहिली आहे, ते कळेल.

पायरी पाचवी: घाट

बुलढाणा शहर घाटमाथ्यावर आहे. मोताळ्याकडून येताना राजूर घाट चढावा लागतो. गिअरवाले तो व्यायाम म्हणून चढतात आणि वर आल्यावर फोटो काढतात. बिनगिअरवाल्याने उतरून ढकलत चढावं, त्यात कमीपणा नाही. रस्त्यात कोणी "काऊन भाऊ, गाडी इकली का?" म्हणेल. हो म्हणावं, विषय संपतो.

खामगावकडून बोथा घाटाने येणाऱ्यांचा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. तिथे अस्वलं आहेत, अंधार पडायच्या आत घाट ओलांडा. 2019 मध्ये टिपेश्वरहून एक वाघ सुमारे 1,300 किलोमीटर चालून याच अभयारण्यात आला होता. सबंध प्रवासात त्याला एक रुपया खर्च आला नाही. ज्यांना सायकलही परवडत नाही त्यांनी त्याचा विचार करावा.

समृद्धी महामार्ग मेहकर, सिंदखेड राजाकडून जातो. त्यावर सायकलीला आणि मोटारसायकलीला प्रवेश नाही. तेवढा टोल वाचला.

पायरी सहावी

खर्च वाढल्यामुळे रद्द केली आहे.

पायरी सातवी: सायकलीआधी मिस्त्री शोधा

ही पायरी खरं तर पहिली यायला हवी होती. सायकल स्वस्त होती ती तिच्या किमतीमुळे नव्हे, दुरुस्तीमुळे. फाट्यावर झाडाखाली एक मिस्त्री असे. त्याच्याकडे पाण्याचं घमेलं, कानस, सोल्युशनची नळी आणि जुन्या ट्यूबचे तुकडे असत. त्याने एका डब्यात छर्रे आणि दुसऱ्यात कॉटर पिना भरून ठेवलेल्या असत. चाकाचा आउट तो डोळ्यांनी काढायचा. दिवाळीत ओव्हरऑइलिंग केलं की सायकल पुढच्या दिवाळीपर्यंत तक्रार करत नसे. तासाच्या किरायाने सायकली देणाराही तोच. आता त्याच्या मुलाने टपरी टाकली आहे ती ट्यूबलेस टायर आणि मोटारसायकलींची. सायकल नेली की तो म्हणतो, "ठेवून जा, संध्याकाळी बघतो." संध्याकाळी ती तशीच उभी असते. एका पंक्चरसाठी अर्धा दिवस बुडणार असेल, तर सायकल फुकट मिळाली तरी महागच पडते.

म्हणून आधी मिस्त्री पक्का करा, मग तो म्हणेल ती सायकल घ्या. गावात मिस्त्री नसेल तर एक पंप, दोन पाने आणि पंक्चरचं सामान घरात ठेवा आणि दहा वर्षांच्या मुलाला ते शिकवा. त्याहून स्वस्त मार्ग हवा असेल तर भंगारवाल्याकडे जा. वडिलांच्या पिढीतल्या काळ्या सायकली तिथे किलोवर विकल्या जातात. फ्रेम आणि चिमटा सरळ असेल, तर दोन टायर, ट्यूब, चेन, फ्रीव्हील, छर्रे आणि ब्रेकची रबरं बदलून ती दोन-अडीच हजारांत रस्त्यावर येते. तिला कॅरिअरही असतं आणि स्टँडही. पायडल तर असतंच.

नवीच घ्यायची ठरली, तर शेवटचं काम एकच. सायकलीवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला आहे. सहा हजारांच्या मूळ किमतीवर हा फरक 420 रुपयांचा होतो. पक्की पावती मागा आणि तीवर 5 टक्केच लावला आहे ना, ते बघा. मुलीच्या उरलेल्या 1,500 रुपयांसाठीही तीच पावती लागणार आहे, ती जपून ठेवा.