भिर्रर्र!

मी सहसा उत्तेजित होत नाही, आणि हे कुणी विचारायच्या आतच सांगून टाकतो. भारत-पाकिस्तान सामन्याच्या शेवटच्या षटकात मी मटार सोलत बसतो. मी याला साधना म्हणतो. बायको 'ढिम्म' म्हणते.

त्यामुळे आंबेगाव तालुक्यातल्या तिच्या मामांनी यात्रेला बोलावलं, तेव्हा बैलगाड्यांच्या शर्यतीच्या घाटात मी पुस्तक घेऊनच गेलो. चढावर गाडा ओढत पळणारे बैल, पुढे घोडी आणि घड्याळ लावून बसलेले पंच. दहा-पंधरा सेकंदांत बारी खलास. एवढ्यात माणसाचं काय बिघडणार?

पण माइकवरच्या माणसाबद्दल बोललंच पाहिजे. पंधरा सेकंदांच्या बारीआधी तो पाव तास बोलतो. आधी ग्रामदैवत प्रसन्न होतं, मग गाडामालक, त्यांचे बंधू, बंधूंचे मित्रमंडळ. मग आजी सरपंच, माजी सरपंच आणि चेहऱ्यावरून भावी वाटणारे दोघे. प्रत्येकाला फेटा, श्रीफळ, फोटो. उन्हात जुंपलेले बैल पाय आपटतायत आणि इकडे फेट्याचा शेमला नीट होतोय! मला मनापासून संताप आला. माणसांना मिरवायची एवढी हौस असते?

तेवढ्यात कर्ण्यातून आलं, 'झाली... भिर्रर्र!' पुढचं मला तुटक आठवतं. धूळ, शिट्ट्या, 'उचल की टाक' असं ओरडणारा एक घोगरा आवाज. तो माझाच होता, असं बायको म्हणते. पुस्तक अजून सापडलेलं नाही. मामांना बरं वाटावं म्हणून ओरडलो, असं मी सांगून ठेवलंय.

मामा मात्र गप्प होते. त्यांचा बैल ऐन भरात असताना, मे २०१४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. अटींवर परवानगी मिळाली ती थेट डिसेंबर २०२१ मध्ये.

"पाव्हणं, पळायचं सगळं वय दाव्याला गेलं त्याचं," मामा म्हणाले. "रोज खुराक घातला, पोहायला नेला. त्याला कोर्ट कसं समजवायचं?" मग थोडं थांबून, "आमच्यातल्याच काहींनी बैलांना खिळे टोचले, म्हणून ही पाळी आली. ते बी खोटं न्हाई."

तो बैल आता म्हातारा झालाय. घाटातला कर्णा वाजला की गोठ्यात उठून उभा राहतो, म्हणे. मामा तेवढंच बोलले आणि उपरण्याने तोंड पुसत उठले. कुठे गेले ते मला दोन मिनिटांनी कळलं.

"पुण्याहून खास या घाटासाठी आलेले, सुप्रसिद्ध लेखक..." कर्णा गरजला. पुढे त्याने जे नाव घेतलं ते माझं नव्हतं, आडनाव तर जिल्ह्यातलंही नव्हतं. तरीही मी उठलो, चारी दिशांना हात जोडले, फेट्यासाठी डोकं पुढे केलं आणि शेमला नीट करून घेतला. नंतरच्या बाऱ्या कुणी मारल्या ते मला विचारू नका. तो नाव दुरुस्त करून पुन्हा पुकारेल म्हणून मी माइकवरच्या माणसाकडे बघत होतो.